डावी बाही

खडखडखड... टक्! खडखडखड... टक्! पन्नास वर्षांमागचा आवाज हा, माझ्या पहिल्या पायमशीनचा. पॅडलचा स्क्रू ढिला होता, पाय जरा तिरका दाबला की टक् बंद व्हायचं, म्हणून मी आपला तिरकाच दाबत राहिलो... पण हे आठवलं कधी? मालिशवाल्या बाईनं पोटरी धरली तेव्हा! आता तुम्हीच सांगा, दुखतंय खांद्यात, आणि धरलाय पाय!

तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस, बोलायला कमी, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना म्हणजे काय... दोन वर्षं शर्ट बायकोनं अंगात चढवून द्यायचा! रोज सकाळी डावी बाही धरून उभी. "अहो, घाला की हात, लहान मूलसुद्धा घालतं!" गावाचे कपडे शिवले मी, आणि आपल्याच बाहीत शिरता येईना! लाज वाटते हो. म्हणून गेलो. उंच पलंग, पांढरी चादर, बाई माझ्या लेकीच्या वयाची. मी खांदा पुढे केला, तर तिनं उजव्या पोटरीत अंगठा रोवला.

"बाई, जरा वर या."

"येते हो आजोबा, रस्ता खालूनच आहे."

रस्ता! दुखतंय खांद्यात, धरलाय पाय!

मग म्हणाली, "आजोबा, कातडीखाली पातळ पडदा असतो, सगळ्या स्नायूंना गुंडाळणारा, टाचेपासून टाळूपर्यंत सलग. एकीकडे आखडला की ओढ दुसरीकडे. तुमचा पाय तिरका पडतो, कंबर वळते, डावा खांदा पुढे येतो..."

थांब पोरी, म्हटलं, अस्तर म्हण की! अस्तर खाली आखूड पडलं की कोट वर चुण्या धरतो. गिऱ्हाईक ओरडतं, "खांदा बिघडवलास!" आणि आम्ही उसवतो कुठं? खाली, घेराला! जन्मभर लोकांचे खांदे असे सरळ केले, आणि स्वतःचा एक स्क्रू आवळायला फुरसत नाही...

तीन महिने गेलो. पोटरी, मांडी, कंबर, मग कुठे खांदा. घरी भिंतीवर बोटं चढवायची, आणि जिथवर पोचतील तिथं बायको पेन्सिलीनं खूण करायची. रोज नखभर वर. आणि परवा सकाळी... गेला की हो हात! स्वतः शर्ट घातला, काढला, पुन्हा घातला! वळून बघतो तर ही दारात. बाही धरायला हात तसाच उचललेला... तो हळूच खाली घेतला तिनं.

"बरं झालं," म्हणाली. पण आवाज असा, की माझाच कुठंतरी टाका चुकला. एकीकडे सैल केलं की ओढ दुसरीकडे, नाही का?

मी काय करणार? म्हटलं, "अगं, गळ्याचं बटण लागत नाही."

आयुष्यात लाखभर बटणं लावलेला माणूस मी! ती आली. बटण लावलं, कॉलर सारखी केली, डाव्या खांद्यावर एक चापटी मारली, जोरात बरं का, चांगला दुखला पुन्हा... आणि निघून गेली.