अठ्ठेचाळीस मिनिटांचा तास

सून: ...तर तो मशीन दुरुस्तीवाला म्हणाला, वहिनी, मशीनला काहीही झालेलं नाही. धुण्याचा फेरा अठ्ठावन्न मिनिटांचा आहे आणि ते अठ्ठावन्नच मिनिटं घेतंय. झाकणावर स्वतःचा मोबाइल ठेवून पूर्ण फेरा बसून बघितला बिचाऱ्यानं.

सासरे: बरं झालं की. म्हणजे मशीन चांगलं आहे.

सून: मशीन चांगलं आहे. मग मी रोज सकाळी सायकलवरून उतरते तेव्हा त्याच्यावर दहा मिनिटं शिल्लक का दिसतात?

सासरे: पाण्याला जोर नसेल सकाळी.

सून: तेही विचारलं. पाणी सुरुवातीला भरतं, म्हणाला, आणि भरलं की मोजायला लागतं.

सासरे: तू बटण दाबून किती वेळानं चढतेस सायकलवर?

सून: बटण दाबते, चार पावलं टाकते, तुमच्या खोलीत येते, स्टँडवरच्या सायकलवर चढते. तुम्ही म्हणता ‘चालू’. मग तुम्ही म्हणता ‘झाला तास’, मी उतरते. तोवर मशीन थांबून दोन मिनिटं व्हायला हवीत. आधी व्हायचीच. कपडे वाट बघत बसलेले असायचे. हल्ली मी वाट बघत बसते. मला वाटलं, मशीन म्हातारं झालं.

सासरे: होतात म्हातारी.

सून: हो ना. घरात कुणी म्हातारं झालं की आधी मशीनवर संशय घ्यायचा, ही माझीच चूक.

सासरे: टोमणा पोचला.

सून: पोचणारच. घड्याळ बरोबर आहे, दुपारी मी रेडिओच्या बातम्यांशी लावून बघितलं. मशीन बरोबर आहे. राहिलं कोण?

सासरे: तू स्वतः बघत जा ना घड्याळ.

सून: घड्याळ दारावर, माझं तोंड खिडकीकडे, हे आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं बाबा. काटा समोर दिसला की तो हलत नाही आणि माझे पायही हलत नाहीत. मोबाइल जवळ ठेवावा तर सकाळी साडेपाचलाही दुकानाचा मालक विचारतो, तो जाड काचांचा चष्मा झाला का. सायकलच्या मीटरचा लोहचुंबक पुढच्या चाकाला. स्टँडवर मागचं चाक मरमर फिरतं आणि पुढचं पाहुण्यासारखं नुसतं उभं. मीटर म्हणतो शून्य. म्हणजे या घरात माझं घड्याळ काय ते तुम्ही.

सासरे: बस जरा. आल्यापासून उभी आहेस.

सून: दिवसभर बसूनच काचा घासते मी दुकानात. आज सुट्टी आहे, उभी राहू दे.

सासरे: तीन मिनिटं हळू, बारा मिनिटं जोर. असे चार फेरे. तू सांगितलं होतंस.

सून: सांगितलं होतं.

सासरे: हळूची तीन मी तीनच देतो.

सून: आणि जोराची?

सासरे: नऊ.

सून: नऊ.

सासरे: हं.

सून: कधीपासून?

सासरे: तुला ताप येऊन गेला, त्यानंतरच्या सोमवारपासून.

सून: सात आठवडे झाले त्याला.

सासरे: आठवड्याचे चार दिवस, रोजची बारा मिनिटं. पाच तास छत्तीस मिनिटं होतात.

सून: तोंडपाठ आहे म्हणजे.

सासरे: लिहिलेलं आहे. औषधांच्या वहीत, शेवटच्या पानावरून मागे. तारीखवार.

सून: चोरी करून तिची तारीखवार नोंद ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय.

सासरे: सवय आहे.

सून: सवयीचं मला सांगू नका. गिरणीच्या गेटवर तीस वर्षं हजेरी घेतलीत तुम्ही. आमच्या लग्नात तुमचा एक जुना कामगार माझ्याशेजारी जेवायला होता. बायको बाळंत झाली त्या सकाळी दोन मिनिटं उशीर झाला, तर तुम्ही त्याची अर्ध्या दिवसाची गैरहजेरी मांडली. हसत सांगत होता, पण घास हातातच राहिला होता त्याचा.

सासरे: तीन मिनिटं.

सून: काय?

सासरे: त्याला तीन मिनिटं उशीर झाला होता. दोन मिनिटांची सूट सगळ्यांनाच असायची.

सून: बघा. आणि मला न मागता बारा.

सासरे: चिडलीस.

सून: चिडायला वेळ कुठाय? संध्याकाळचे सहा वाजत आले. आठपर्यंत त्या सायकलवाल्यांना कळवायचंय, येते की नाही. माझी जागा मोकळी झाली तर एक दाताचा डॉक्टर टपून बसलाय.

सासरे: नाही का जाणार तू?

सून: दोनशे किलोमीटर आहेत रविवारी. साडेतेरा तासांत. मागच्या वर्षी मी पोचले तेव्हा एकोणीस मिनिटं वर झाली होती. टेबलाचे पाय दुमडून गाडीत टाकत होते ते लोक. एक बाई म्हणाली, ताई, पाणी आहे अजून, हवं तर घ्या. तेवढं एक वाक्य मी वर्षभर ऐकतेय. लोकांच्या नाकावर चष्मा बसवताना ऐकते, भाजी निवडताना ऐकते. ताई, पाणी आहे अजून.

सासरे: पण लांबचं अंतर तू रविवारी बाहेर चालवतेसच की. लेक घरी असला म्हणजे.

सून: तुमचा लेक महिन्यातून दोन रविवार घरी असतो. बाकी दिवस पावाची गाडी घेऊन चारला बाहेर. तुम्हाला सांभाळणारी बाई आठला येते, मी साडेआठला दुकानात. मधे मला सापडतो एक तास. त्यात कपडे धुऊन होतात आणि मी. त्यातलीही शेवटची तीन-तीन मिनिटंच कामाची. पहिली नऊ कुणीही मारतं बाबा. नवव्याला पाय म्हणतात, पुरे. तिथून पुढची तीन असतात ना, तेवढ्यासाठी मी पाचला उठते. आणि नेमकी तेवढीच तुम्ही कापलीत. दुकानात माझा भिंगाचा मध्य एका मिलिमीटरनं सरकला तर माणसाला सपाट फरशी तिरकी दिसते. इथं तर माझी सगळी फरशीच...

सासरे: मला वाटलं, तुला झेपत नाहीये. चेहरा लालबुंद व्हायचा.

सून: चेहरा दिसतो कुठं तुम्हाला? माझं तोंड खिडकीकडे. तुम्हाला पाठ दिसते.

सासरे: हं.

सून: पाठ लाल होते का?

सासरे: ऐकू येतं.

सून: काय?

सासरे: श्वास. पहिल्या नऊ मिनिटांत काही नाही. दहाव्याला तो बदलायचा. आत घेताना बारीक शिट्टी वाजायची. तापानंतरचे पहिले दोन दिवस बाराच दिली होती, तेव्हा ऐकली.

सून: कफ होता थोडा. गेला तो. डॉक्टरना दाखवून आले, तुम्हाला सांगितलंही होतं.

सासरे: सांगितलं होतंस. पण शिट्टी तीच होती.

सून: कोणाची?

सासरे: तुझ्या सासूची. तू आली नव्हतीस तेव्हा. शेवटचं वर्षभर तिचा श्वास असाच चालायचा. जिना चढून आली की अर्धं वाक्य बोलायची आणि उरलेलं हातानं सांगायची. आम्हाला कळायचं. तिचा हात स्पष्ट होता.

सून: हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

सासरे: कुणी विचारलं नाही. मी तेव्हा पहिल्या पाळीला गेटवर असायचो, सहाला. एका सकाळी म्हणाली, आज जरा उशिरा... आणि उरलेलं हातानं.

सून: उरलेलं काय होतं?

सासरे: बसा म्हणाली.

सून: मग?

सासरे: मग काय? मी वेळेवर पोचलो.

सून: त्याच दिवशी...?

सासरे: नाही, नाही. नंतर दोन महिने होती ती. पण परत काही म्हणाली नाही.

सून: अच्छा.

सासरे: तू असं कर. मला या खोलीत सोड आणि बाहेर चालवत जा, पूर्वीसारखी. मला ऐकू यायला नको आणि तुझीही कापाकापी नको.

सून: एकटं सोडलं आणि दोनदा न्हाणीघरात पडलात. दुसऱ्यांदा मी येईपर्यंत नळाशी गप्पा मारत होतात.

सासरे: नळ चांगला होता. मधे बोलत नव्हता.

सून: बाबा, एक सांगते, ऐका. आम्हा सायकलवाल्यांत दम मोजायची एक साधी रीत आहे. यंत्र नाही, काही नाही. जोरात चालवताना एक वाक्य बोलून बघायचं. तुटत तुटत का होईना, ते शेवटापर्यंत गेलं तर माणूस ठीक. वाक्य मधेच सोडून द्यावं लागलं तर उतरायचं. शिट्टी वाजते की नाही, ते कुणी मोजत नाही.

सासरे: शेवटापर्यंत. तोंडानं.

सून: तोंडानं. हात हँडलवर असतात.

सासरे: हे आधी का नाही सांगितलंस?

सून: कुणी विचारलं नाही. सरका, तो टॉवेल द्या इकडे.

सासरे: आत्ता चढतेस?

सून: आत्ता. एक खरा तास. चारही फेरे एकाच गिअरवर निघाले तर रविवारी जाते. नाही निघाले तर जाऊ दे दाताच्या डॉक्टरला, त्यालाही कुठंतरी तोंड वासायला मिळू दे.

सासरे: मग मोबाइलवर लाव वेळ. आण तिकडून.

सून: मोबाइल तिकडेच राहू दे.

सासरे: माझ्यावर भरवसा आहे?

सून: तुमच्यावर काडीचा नाही. वहीवर आहे. बारा मिनिटं चोरली आणि बाराच लिहिली, अकरा नाही. म्हणा चालू.

सासरे: थांब, चष्मा लावू दे. हां. चालू.

(मागच्या चाकाची घरघर सुरू होते. पहिले तीन फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात नवव्या मिनिटाला सासरे ‘नऊ’ म्हणतात आणि पुढे मोजत राहतात. आता चौथा चालू आहे.)

सासरे: पाच झाली. तुझी नणंद येणारे ना रविवारी माझ्यापाशी?

सून: सकाळी... सहालाच येते म्हणाली. म्हणाली, वहिनी, दादाला... सांगू नकोस, तो उगाच... आदल्या रात्रीच स्वयंपाक करायला घेईल.

सासरे: हे पूर्ण झालं.

सून: झालंच.

सासरे: मागच्या वर्षी तू वाटेत तीनदा थांबलीस. गोळी दिली का विचारायला. सात मिनिटं, पाच मिनिटं, सात मिनिटं.

सून: तेही... लिहून ठेवलंत?

सासरे: फोन माझ्याच हातात होता. समोर घड्याळ होतं. बेरीज एकोणीस येते.

सून: माहितीय... मला. केलीय मी पण.

सासरे: मला कधी म्हणाली नाहीस.

सून: म्हणून... काय करायचं होतं?

सासरे: या रविवारी फोन वाजला तर मी उचलणार नाही. तुझ्या नणंदेलाही उचलू देणार नाही. गोळ्या मी घेईन. तिनं नाही दिल्या तरी मागून घेईन.

सून: एकदा... दुपारी... एकदाच.

सासरे: एकदाही नाही. आठ झाली.

सून: तुमचा हट्ट...

सासरे: पूर्ण कर.

सून: तुमचा हट्ट... तुमच्या लेकात... उतरला नाही... हे माझं नशीब.

सासरे: नऊ.

सून: हं.

सासरे: वाजायला लागली. शिट्टी.

सून: वाजू दे.

सासरे: बोल काहीतरी. लांबलचक बोल.

सून: तुमचा लेक आला की... त्याला सांगा... भात कुकरमध्ये आहे... आणि कपडे... दोरीवरचे... काढायचेत.

सासरे: सहा तुकडे झाले.

सून: पण... शेवटापर्यंत... गेलं.

सासरे: गेलं. दहा.

सून: गिअर... तोच आहे... बघा.

सासरे: बघितला. तोच आहे. अकरा व्हायला आली. पाय थांबवू नकोस.

सून: नाही... थांबवत.

सासरे: तिलाही मी असं काही बोलायला लावायला हवं होतं. डॉक्टरकडे लवकर गेलो असतो.

सून: बाबा... तेव्हा कुणाला... माहीत नव्हतं... हे.

सासरे: अकरा.

सून: झाला?

सासरे: नाही.

सून: बाबा... झाला असेल.

सासरे: अजून चाळीस सेकंद आहेत. चालव.