इस्त्रीवालीचा खांदा

आई : दगड? तापवून? आणि ते माझ्या पाठीवर मांडणार?

लेक : पाठभर नाही गं. खांद्यावर, मानेवर. शेक बसतो छान.

आई : शेकाला आपल्या दुकानात काय कमी आहे? जन्म गेला माझा इस्त्रीपुढे उभं राहून. कोपरापर्यंत चटके आहेत, मोज. आता परक्याच्या घरी येऊन मागून घेऊ का आणखी?

लेक : बरं, दगड राहू देत. या कार्डावर बाकीचे प्रकार पण आहेत.

आई : मग वाच की. माझ्या नाकासमोर काय नाचवतेस? माझी शाळा किती झाली ते ठाऊक आहे तुला.

लेक : स्वीडिश. म्हणजे तेल लावून हलक्या हाताने चोळतात. डीप टिश्यू, त्यात आतपर्यंत जोर लावून गाठी मोकळ्या करतात. आणि हा थाई. यात तेल नसतं. खाली गादीवर निजवतात आणि हातपाय धरून ताणतात.

आई : म्हणजे कुस्ती. आणि मला पाडणार कोण? ही काडी?

मसाजवाली : काडी असले तरी दिवसभर हेच करते मी, मावशी. हात लावून तर बघू द्या.

आई : मावशी नको म्हणूस. तुझी आई आणि मी बहिणी नाही.

मसाजवाली : मॅडम म्हणू?

आई : म्हणून बघ. उठून चालायला लागेन.

मसाजवाली : मग काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा, आणि मसाज कोणता तेही सांगा. आत गादी घातलीय, दगड पाण्यात तापताहेत, आणि तुम्ही दोघी आल्यापासून माझ्या काउंटरवर भांडताय. मागची गिऱ्हाइकं दारातून परत जातात हो.

लेक : डीप टिश्यू करा. चांगला जोर लावून. हिचा उजवा हात वर जात नाही. काल मी आले ना, तेव्हा पाहिलं. फळीवरचा डबा काढायला हिने स्टूल ओढलं, वर चढली आणि डाव्या हाताने काढला.

आई : डावा काय उसना आणलाय? तोही माझाच आहे.

लेक : कधीपासून चाललंय हे?

आई : काही चाललेलं नाही.

लेक : बघितलंत? हे असं असतं हिचं. आणि घरात दुसरी बाई आहे, दिवसभर हिच्या सावलीला असते, तिला हे दिसत नाही? म्हणून तर सकाळी वहिनीला तोंडावर विचारलं मी.

आई : विचारलं नाहीस. झोडपलंस. दुकानाच्या दारात, शर्ट न्यायला आलेल्या माणसासमोर.

लेक : मग? माझ्या आईचा हात लुळा पडत चाललाय आणि ही मान खाली घालून घड्या घालतेय. एक शब्द निघाला का तिच्या तोंडून? असतं उत्तर तर बोलली असती.

आई : आवाज खाली कर. ही पोरगी ऐकतेय.

लेक : ऐकू दे. सगळं ठरलंय माझं. इथून घरी जायचं, तुझ्या साड्या बॅगेत भरायच्या आणि तू माझ्याकडे यायचंस, कायमची. दादाला सांगून झालंय.

आई : दादाला सांगितलंस. दादाचे कपडे भरायचे आहेत का?

लेक : आई, वाकड्यात शिरू नकोस. तूच रडतेस ना फोनवर?

आई : मी? रडते?

लेक : बरं, चिडतेस. वहिनी चहा गार देते. वहिनी मला न विचारता भाजी आणते. वहिनीने माझ्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि मला गल्ल्यावर नेऊन बसवलं. हे कोण म्हणालं? मी स्वप्नात ऐकलं?

आई : काढून घेतली म्हणाले. का काढून घेतली ते विचारलंस?

लेक : विचारायचं काय त्यात?

मसाजवाली : एक मिनिट. वास कसला येतोय हा? बाम लावलाय का?

आई : लावलाय जरासा.

मसाजवाली : जरासा? माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलंय. पदर बाजूला करा बघू. अहो, मानेपासून पार पाठीपर्यंत माखलंय की. कातडी लाल झालीय. मसाजला यायच्या आधी कोणी बाम लावतं का?

आई : दुखरं अंग घेऊन परक्याच्या दारात जायची माझी रीत नाही. म्हटलं, आधी बरं करावं आणि मग जावं.

मसाजवाली : बरं करून मसाजला.

आई : हसू नकोस.

मसाजवाली : नाही हसत. पण दगडांचं नाव आता काढायचं नाही, भाजून निघाल. आणि वरून तेल लावून जोरात चोळलं तरी आग होणार. बरं, हे पाठीच्या मध्यावर कसं लावलंत? तिथे तुमचा हात पोचतो?

आई : दाराला लावलं आणि पाठ घासली.

लेक : आई.

आई : काय आई? म्हशी घासतात की नाही?

मसाजवाली : हात वर करा. उजवा. जाईल तेवढाच. बस? आता मागे, कंबरेवर. अहो, खांदा उचलू नका, हात न्या. नाही जात. राहू द्या, राहू द्या, ओठ चावू नका.

लेक : म्हणूनच म्हणतेय, जोर लावा.

मसाजवाली : नाही लावणार.

लेक : म्हणजे? इथे लिहिलंय की कार्डावर.

मसाजवाली : कार्डावर सगळंच लिहिलंय, म्हणून सगळ्यांना करायचं का? हा खांदा आखडलाय. गेल्या साली असाच एक माझ्या हातून जोरात दाबला गेला, त्या बाई दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन भांडायला आल्या. आधी डॉक्टरला दाखवा. ते म्हणाले तर पुढचं. आज फार तर खुर्चीत बसवून मान आणि डावी बाजू हलक्या हाताने करेन.

लेक : हलक्या हाताने काय होणार? मी परवा जाणार. मला ही बरी होऊन हवीय.

आई : तुला बरी होऊन हवीय. इस्त्रीला टाकलेला शर्ट आहे का मी? संध्याकाळी न्यायला येतेस?

लेक : असं बोलतेस, आणि पुन्हा रविवारी फोनवर तेच. मला कंटाळा आलाय या सगळ्याचा.

मसाजवाली : ठरलं का? हलका करायचा असेल तर बसा इकडे. आणि अंबाडा सोडा, मानेपर्यंत हात जाऊ दे माझा.

आई : अंबाडा नाही सुटायचा.

मसाजवाली : अहो, मानेवरच बसलाय तो. मी सोडते. बाई गं, पिना तरी किती आत खोचल्यात. आणि एक केस इकडचा तिकडे नाही. सुरेख बांधलाय हो.

लेक : थांबा. सोडू नका. आई, हा कोणी बांधला?

आई : मी. आणखी कोण?

लेक : बांधून दाखव. पीन काढून परत खोच, एकच.

आई : माझी परीक्षा घेतेस?

लेक : हो.

(आई उजवा हात उचलते. तो कानापर्यंतही पोचत नाही. ती तो पुन्हा मांडीवर ठेवते.)

लेक : वहिनी बांधते.

आई : दार लावून. रोज. तुझ्या दादालासुद्धा पत्ता नाही.

लेक : आणि पाठीला बाम?

आई : तीच लावते. दाराला पाठ घासली म्हटलं, ते तुला पटलं होतं ना?

लेक : मग सकाळी ती बोलली का नाही? मी काय काय म्हणाले तिला. आळशी म्हणाले. तुला माणुसकी नाही म्हणाले.

आई : मी बजावलंय तिला. हाताचं कोणाला कळलं तर त्या दिवसापासून तुझ्याशी बोलणार नाही. लोकांना कळलं की इस्त्रीवालीचा हात गेला, तर कपडे पुढच्या दुकानात जातील. इस्त्री ती करते. नाव माझं चालतं.

लेक : तू शेजारी उभी होतीस. मी तिला ते सगळं बोलत होते आणि तू उभी होतीस.

आई : होते.

लेक : आणि इतके दिवस मला फोनवर ती अशी, ती तशी. का? मला वेड लावायला?

आई : चांगलं सांगितलं की तू काय म्हणतेस? ‘बरं झालं, ठेवते.’ गेल्या दिवाळीलाही तसंच... जाऊ दे. तिचं वाकडं सांगितलं की बसतेस बोलत. तुझा चहा गार होईस्तोवर बोलतेस.

लेक : तेवढ्यासाठी?

आई : तुला तेवढं वाटतं.

मसाजवाली : मी जरा आत जाऊन येऊ का?

आई : कुठे निघालीस? इथेच थांब. एवढं ऐकलंस, आता काम न करता सुटायची नाहीस. हलका कर. खुर्चीत. आणि सोड तो अंबाडा.

मसाजवाली : झाल्यावर मी बांधून देईन.

आई : तुला नाही जमायचा. आणि हिला तर मुळीच नाही. हिचे केस पहिल्यापासून मानेवर कापलेले.

लेक : मग काय, मोकळे केस सोडून जाणार भर रस्त्याने? तू?

आई : तिला फोन लाव.

लेक : मी? आई, मी तिला काय म्हणू?

आई : जे म्हणायचं असेल ते ती आल्यावर तोंडावर म्हण. सकाळी तोंडावरच म्हणालीस ना? आणि दुकान उघडं टाकून येऊ नकोस म्हणावं, शटर ओढ. हं, पोरी, तू कर सुरू. डावीकडे. एवढा हळू हात? पेटी वाजवतेस का?

मसाजवाली : मान सैल सोडा. आणि तोंड पण.

लेक : वाजतोय. हॅलो... वहिनी, मी. नाही, नाही, आई बरी आहे. वहिनी, ते... तिचे केस सुटलेत. कंगवा घेऊन येशील का?