‘हात लावू नये’ नावाची फाईल

...आणि वर मलाच विचारतात, "एवढी साधी गोष्ट जमत नाही तुम्हाला?" साधी! दोनशे चौदा फायली हो, दोनशे चौदा! आणि प्रत्येकीपुढे उभं राहून एकच प्रश्न... बाहेर की आत?

थांबा, मुळापासून सांगतो. आमची लायब्ररी... अहो पुस्तकांची नाही! प्रोग्रामची. पार्सलांवर पत्त्याचं लेबल छापते. मी लिहिलेली, अकरा वर्षं लिहितोय! दुसऱ्या कंपन्या ती घेतात आणि आपल्या प्रोग्रामला जोडतात. त्यात हेडर फायली असतात, म्हणजे काय काय मागता येईल त्याच्या याद्या, आणि सोर्स फायली, म्हणजे ते घडवून आणणारी सगळी खटपट. शहाण्या माणसानं काय करावं? लोकांना लागणाऱ्या याद्या बाहेर, बाकी सगळं आत. मी काय केलं? सगळं एकाच फोल्डरात! मला सापडायचं ना... मला!

मग ऑफिसात आल्या नव्या मॅडम. "सोमवारी दहाला पार्सल कंपनीच्या ताई येतील. त्यांना फक्त बाहेरच्या फायली द्यायच्या. तासाभरात त्यांनी लेबल छापलं तर तुमची लायब्ररी राहील, नाहीतर आपण दुसऱ्यांची घेऊ." दुसऱ्यांची!

शनिवारी सकाळी दोनशे चौदा चिठ्ठ्या केल्या, बाहेरच्या खोलीत जमिनीवर मांडल्या, आणि बसलो. बाहेर की आत? आई आली. "किती घामाघूम झालायस रे, पंखा लावू का?" "आई, नको नको न..." लावला! पाच नंबरवर!

चिठ्ठ्या गोळा करायला बायको खाली बसली. ती तिकीट खिडकीवर काम करते. म्हणाली, "अरे, यात अवघड काय? माझ्या खिडकीतून लोकांना काय दिसतं? तिकीट, वेळ, भाडं. माझा डबा, माझ्या चपला दिसतात का? आणि एक लक्षात ठेव, डबा एकदा खिडकीत ठेवलास ना, की कुणीतरी खाणार, आणि उद्या येऊन विचारणार, आज भाजी कुठली?"

काय सांगू तुम्हाला, डोक्यात लख्ख उजेड पडला! एकेक चिठ्ठी उचलायची आणि विचारायचं, ताईंना ही लागेल? नाही? आत! आत! आत! संध्याकाळपर्यंत बाहेर किती उरल्या? सहा! आणि 'हात लावू नये' तर मी पार तळाशी टाकली. ही फाईल मी सात वर्षांपूर्वी घाईघाईत केलेला जुगाड, कुणी वापरू नये म्हणून मुद्दाम ते नाव दिलेलं. इतकं हलकं वाटलं हो! आपलंच काम, पण पहिल्यांदा देखणं दिसलं.

सोमवार. ताई आल्या, बसल्या, सहा फायली वाचल्या. मी मागे उभा. मॅडम घड्याळाकडे बघतायत. दहा मिनिटं... वीस... चाळिसाव्या मिनिटाला खर्रर्र करून लेबल बाहेर! ताई म्हणाल्या, "अहो, किती सोपं आहे हे!" मॅडम हसल्या. मॅडम!

आणि मग ताई म्हणाल्या, "आता आमचा जुना प्रोग्रामही जोडून बघू." जोडला. पडद्यावर चुकाच चुका, लालच लाल!

"अहो, ती 'हात लावू नये' कुठे गेली?"

"ताई, ती आतली आहे. तुम्ही ती वापरता?"

"सात वर्षं! आमच्या प्रत्येक शाखेत!"

"अहो, पण नावच 'हात लावू नये' आहे ना!"

"म्हणून तर आम्ही तिच्यात एक अक्षर बदललं नाही. नुसती वापरली. आम्हाला वाटलं, एवढं बजावून ठेवलंय म्हणजे चांगली असणार!"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. बाहेर की आत? विचारायची सोय होती का?

तर लायब्ररी राहिली! ताईंनी आणखी दोन कंपन्यांना सांगितलं, पुढच्या सोमवारी त्याही येतायत. बायको म्हणते, "बघ, खिडकीसमोर रांग लागली." बाहेर आता सात फायली आहेत. सातवी तीच, त्याच नावानं, कारण नाव बदललं तर ताईंच्या सगळ्या शाखा बंद पडतात. त्यातला जुगाड मला आजही डोळ्यांत खुपतो, बोटं शिवशिवतात, दोन ओळींत सरळ होईल... पण नाही. लोक बिनधास्त वापरतात, आणि जगात एकाच माणसाला तिला हात लावता येत नाही... मला!