पाहुन्याले सात जीबी

चहा घ्या, पन हसू नका लेकहो. मले लिनक्स शिकाची हौस आली. बडनेऱ्याचा माहा दोस्त संजू फोनवर म्हने, "विंडोज काढू नको. व्हर्च्युअल मशीन टाक, म्हंजे लॅपटॉपातच दुसरा कम्प्युटर चालते. विंडोज घरमालक, लिनक्स पाहुना. फक्त पाहुन्याले अर्ध्याच्या वर रॅम देऊ नको."

म्या म्हतलं, "पाहुन्याले कमी देनं आपल्याले शोभते का बे?" अन् आठातली सात जीबी रॅम लिनक्सले देऊन टाकली.

चालू केलं अन् अख्खा लॅपटॉप गपगार. माऊसबी हालेना. शेवटी बटन दाबून बंदच करा लागला. बायकोनं तिच्या शाळेसाठी टाइप केलेला सहावीचा पेपर त्यातच उघडा होता, सेव्ह केलाच नोता. गेला!

बायको म्हने, "असं कावून झालं?"

म्या खरं सांगतलं, "लिनक्स पाहुन्याले रॅम जरा जास्त देली. आठातली सात जीबी."

"हो का? माहा भाऊ अकोल्याहून भर उन्हाळ्यात येते, तवा कूलरचं तोंड सोताकडं फिरवून झोपता. अन् ह्या पाहुन्याले आठातले सात?"