टाकीतला तोतया

...बदलला म्हणजे काय बदलला? मासा आहे का उशीचा अभ्रा? तुम्हाला सांगतो, मी संशयी माणूस नाही हो! पण बोटीच्या इंजिनावर आठ महिने घाम गाळून घरी आलो, बॅग दारातच टाकली, बायकोच्या आधी टाकीकडे धावलो, त्यावरून ही फुगली ते वेगळंच, आणि बघतो तर काय... टाकीत परका मासा!

माझा राजा कसा होता सांगू? समुद्रातला एंजलफिश, तळहाताएवढा, गडद निळा, अंगावर पांढरी कडी, एकात एक. आणि हा? हा चांगला ताटलीएवढा! अंगभर पिवळे पट्टे, आणि डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी! आता तोंड झाकून घरात शिरलेल्याला मी राजा कसं म्हणू?

हिला विचारलं, तर म्हणते, "अहो, तोच आहे. मोठा झाला." मोठा झाला! मीही मोठा झालो की, मला पट्टे आले का?

मी संशयी माणूस नाही, पण अंदाज सरळ आहे. खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे पोरखेळ नाही. बादलीत मीठ कालवा, पाणी तपासा, गरम किती, खारट किती... हिचं काहीतरी चुकलं, मासा गेला, ही घाबरली आणि गुपचूप दुसरा आणून सोडला! हिच्या सोबतीला आलेल्या सासूबाईही सामील. कारण मी विचारल्यावर त्या गप्प बसल्या. सासूबाई! गप्प! पाणी कुठेतरी मुरतंय की नाही, तुम्हीच सांगा!

तसाच उठलो, मासे विकणाऱ्या दुकानदाराला गाठलं. तो म्हणतो, "साहेब, या जातीचं असंच. लहानपणी एक रंग, मोठेपणी दुसरा." आणि हसला. का हसला? हिने आधीच फोन केला असणार!

मग आठवलं. एंजलफिशच्या दोन्ही गालांवर एकेक काटा असतो. माझ्या राजाचा डावा काटा जाळीत अडकून अर्धा तुटलेला. बॅटरी आणली, काचेला नाक लावलं... काटा अर्धाच! तोच मासा हो! माझाच राजा!

आनंदाने बोट पाण्यात घातलं. पूर्वी बोटातून खायचा, मी या खोलीभर फिरलो तर काचेमागून माझ्याबरोबर फिरायचा. आता? सर्रकन दगडामागे! आणि तिथून मला दम देतोय, ही जात चिडली की काढते तो आवाज, ठक्! ठक्! सासूबाई नुसत्या खोकल्या, तर हा धावत काचेशी. वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं. बोटीवर मी त्याचा जुना फोटो उशाशी घेऊन झोपायचो. हिचा नाही, त्याचा. हे हिला सांगू नका.

ही शांतपणे म्हणाली, "त्याचं काय चुकलं? गेला तो माणूस सडपातळ होता, मिशीवाला. आला तो ढेरीवाला, सफाचट. त्याला वाटतंय, हिचा मूळचा नवरा हरवला आणि हिने गुपचूप दुसरा आणून ठेवला!"

आता बोला! मी संशयी माणूस नाही हो, पण हा मासा आहे ना! काय करता... सध्या मिशी वाढवतोय. त्यावर सासूबाई म्हणतात, "जावईबापू, नुसत्या मिशीने भागायचं नाही. पोटाचंही बघा. मासा हुशार आहे."