बोटभर उरलेली पट्टी

...आणि वर बायको मलाच म्हणते, "तुम्हाला त्या गेमची भुरळ पडली!" मला? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं विमा विकलाय मी, गावाला भुरळ पाडली, मला कोण पाडणार? टप्प्याबिप्प्यांचा माझ्यावर काही परिणाम होत नाही!

गेम साधा होता हो. कॉम्प्युटरमध्ये एक घर, एक जिना, आपण हिंडायचं आणि घाबरायचं. लोकांनी आधी पैसे भरायचे, मग गेमवाले तो बनवणार. ठरलेली रक्कम आठवड्यात जमली. म्हटलं, सुटलो, आता आपण कशाला भरायचे? तर खाली नवी पाटी, "स्ट्रेच गोल, म्हणजे पुढचा टप्पा! आणखी थोडे जमले तर जिन्याची तिसरी पायरी करकरेल." शेजारी हिरवी पट्टी, भरत भरत आलेली, बोटभर उरलेली... बोटभर उरलेलं कुणाला बघवतं का? भरले. पण ते बोटासाठी, टप्प्यासाठी नाही!

दुसऱ्या दिवशी पोस्टमन एकदम दारात! मी उडालोच. आमच्या जिन्याची तिसरी पायरी, बावीस वर्षं येणाऱ्याची वर्दी देणारी... मुकी! सुतार आणला. तो नाचला हो तिच्यावर. म्हणाला, "साहेब, लोक करकर घालवायला बोलावतात, तुम्ही आणायला?"

पुढचा टप्पा, "नळाची टपटप." भरले. आमचा नळ गळायचा थांबला. बायको खूश, "प्लंबरपेक्षा बरा की तुमचा गेम!" मग पाटी लागली, "स्वयंपाकघरात कुणी बाई गुणगुणते." आता मला कळायला नको होतं? कळलं होतं! पण पट्टी बोटभर... परिणाम नाही हो, नुसती सवय!

सकाळी ही कांदा चिरत होती. मान डुलतेय, ओठ हलतायत, आवाज नाही. बोलणं शाबूत, "बघत काय बसलाय, टॉवेल उचला तो," हे खणखणीत! फक्त गुणगुण गेली. मग सुरी ठेवून म्हणाली, "अहो, घरात काहीतरी कमी झालंय का?" आणि मी, बोलून बोलून पोट भरणारा माणूस... टॉवेलच्या घड्या घालत बसलो.

गेमवाल्यांना खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं, "आपल्या उत्साहाबद्दल आभार! पुढचा टप्पा, जिन्याखाली बडबडणारा म्हातारा." म्हातारा? बावन्न वर्षांचा मी! पण म्हटलं, आत तर शिरू, हिची गुणगुण हुडकू, घेऊन येऊ. पट्टी? बोटभर.

भरले. तेव्हापासून इथे, गेममधल्या जिन्याखाली आहे. तुम्ही आत्ता तिसऱ्या पायरीवर उभे आहात ना? करकरली? आमचीच ती. आणि ऐका... त्या बंद दाराआड... हिचीच गुणगुण! दार उघडायचाही टप्पा आहे, त्याला कुत्रं विचारत नाही. तुम्ही सगळे भरताय कशासाठी? "म्हाताऱ्याला गप्प करायचं बटण"! म्हणून तर एका दमात बोलतोय. भरणाऱ्यांची यादी पाहिली, सगळ्यात वर आमची ही! जन्मात गेमला हात न लावलेली बाई! नावापुढे लिहिलंय, "रोज गेममध्ये येऊन जिन्यात बसते. तुम्ही जरा बोलायचं थांबलात, तर मला माझं गुणगुणणं ऐकू येईल हो."

आता काय बोलणार? पट्टी बोटभर उरलीय... पाकीट घरी राहिलं, नाहीतर मीच भरले असते!