सात दगडांची झोपडी

(बंगळूर, १९५९. बसवनगुडीतल्या भाड्याच्या घराचा व्हरांडा, उतरती दुपार. वसुमती परगावच्या मजुरांसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते आणि त्यांच्यावर लिहिते. तिचा नवरा रत्नाकर सरकारी कारखान्यात इंजिनिअर. आप्पाजी जटकेवाला, म्हणजे टांगेवाला, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच मराठा. वसुमतीला मजुरांच्या वस्तीवर तोच नेतो-आणतो. जिवाला घोर लागला की वसुमती तांदूळ निवडायला घेते. आज निवडलेलेच पुन्हा निवडते आहे.)

रत्नाकर : लेखात नाव बदललंस, मान्य. गावही बदललंस. मग तो मुकादम आज सकाळी नेमका गोजराबाईच्याच दारात कसा गेला?

वसुमती : मला तेच कळत नाहीये! आप्पाजी, तुम्ही होता ना तिथं? नीट सांगा.

आप्पाजी : सांगतो की अक्का. स्वल्प दम घेऊ द्या. के. आर. पुरमच्या पलीकडून घोडं पळवत आलोय. मुकादमाच्या हातात तुमचं ते पुण्याचं पेपर होतं बघा. सगळ्या बायकांना गोळा करून त्यानं त्यातलं सांगितलं. मधेच हसला, आणि सरळ तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

वसुमती : अहो, लेखात ती कृष्णाबाई आहे!

आप्पाजी : नाव सोडा हो. दारातल्या शेंदराच्या सात दगडांचं लिहिलंय ना तुम्ही?

वसुमती : अगं बाई गं...

रत्नाकर : कसले दगड?

वसुमती : साती आसरा. पाण्यातल्या देवी. उमाजी, तिचा नवरा, चरात उतरला होता ना, पाणी उपसायला? तिथंच माती धसली त्याच्यावर. तेव्हापासून तिनं दारात आसरा मांडल्या. रोज सकाळी पाणी घालते आणि म्हणते, 'माझा नेला तो नेला, बाकीच्यांना तरी राखा.' मला ते गाळवेना हो. सगळा लेख त्या एका वाक्यावर उभा होता.

रत्नाकर : आणि अख्ख्या वस्तीत असे दगड किती दारांत आहेत?

आप्पाजी : एकाच. बाकी सगळे तेलगू, तमिळ लोक. त्यांचे देव वेगळे.

रत्नाकर : धन्य आहे तुझी! नाव लपवलंस आणि दारावर पाटी लावून ठेवलीस.

वसुमती : बोला, बोला. आणि तो अंक महाराष्ट्र मंडळाच्या टेबलावर कुणी नेऊन ठेवला? 'मिसेसचा लेख आलाय' म्हणत चारचौघांत कोण मिरवत होतं?

रत्नाकर : मला काय स्वप्न पडलं होतं, तो मुकादम रविवारचा तिथं पेपर चाळायला येतो म्हणून?

आप्पाजी : सोलापूरकडचा आहे तो, सायब. त्याला मराठी वाचायला येतंय. उमाजीला तिकडनं त्यानंच आणलं होतं.

वसुमती : पुढं काय झालं ते सांगा.

आप्पाजी : झोपडी पाडली. पत्रे, भांडी, बाई, सगळं लॉरीत घातलं. संध्याकाळच्या गाडीत बसवून देतो म्हणाला. परत बंगळुरात दिसलीस तर बघ म्हणाला.

वसुमती : आणि उद्या लेबर ऑफिसर साइटवर येणार! किती महिने मी त्याच्या मागे लागले होते. तुमच्या कारखान्याचा कंत्राटदार सांगतो, उमाजी दारू पिऊन पडला. चराला टेकू दिलेल्या फळ्या आदल्या दिवशी काढून दुसरीकडे नेल्या, हे पुष्कळांनी पाहिलंय. पण सांगायला तयार आहे ती एकटी गोजराबाई.

रत्नाकर : वसू, इकडे बघ. आज चीफ इंजिनिअरनी मला केबिनमध्ये बोलावलं. 'युवर वाइफ राइट्स, आय बिलीव्ह?' चहा मागवला, बिस्किटं पुढं केली. रागावले असते तर परवडलं असतं. त्या बिस्किटांनी मला घाम फुटला.

वसुमती : तुम्ही काय म्हणालात?

रत्नाकर : काय म्हणणार? बिस्कीट खाल्लं. नोकरी गेली तर पोरीला, विद्याला घेऊन कुठं जायचं आपण? मागे घे तो लेख. 'माहिती ऐकीव होती' एवढं कळव संपादकांना. ती बाई सुखरूप गावी जाईल, आपणही सुटू.

वसुमती : सुखरूप? त्या लॉरीत कोण कोण आहे, ठाऊक आहे तुम्हाला? मला काही सुचत नाहीये. तिचं काही बरंवाईट झालं तर मी पुन्हा हातात पेन धरायची नाही. आप्पाजी, जटका जुंपा. स्टेशनवर जाऊ.

आप्पाजी : स्टेशनवर कशाला अक्का? ती जटक्यातच बसलीय. बाहेर.

वसुमती : काय?

आप्पाजी : रेल्वेचं फाटक पडलं, लॉरी थांबली. हिनं मारली उडी. मी मागंच होतो.

रत्नाकर : अरे, मग हे आधी सांगायचं की नाही!

आप्पाजी : तुम्ही दोघं सांगू दिलं तर ना. आणि तीच म्हणाली, आधी घरात विचारून ये. सायबाची नोकरी आहे, आपल्या पायी त्यांना त्रास नको.

वसुमती : गोजराबाई! अहो, या ना आत. लागलं का कुठं?

गोजराबाई : गुडघा खरचटलाय जरा. पानी द्या बाई घोटभर.

वसुमती : घ्या. बसा आधी. गोजराबाई, चूक माझी आहे. त्या दगडांचं मी लिहायला नको होतं.

गोजराबाई : मुकादम म्हनला, आसरांवर हात ठेव आन्‌ सांग, त्या बाईला म्या काय बी बोलले न्हाई. मंग ऱ्हा हितंच.

रत्नाकर : मग ठेवायचा की हात! झोपडी तरी राहिली असती.

गोजराबाई : आसरांवर, सायेब? खोटा हात? मालक गेला तवापास्नं त्यांच्या जिवावर झोपतीया मी.

रत्नाकर : तसं नव्हे... मी आपलं म्हटलं.

वसुमती : हे पाहा, माझं ठरलं. लेख मी मागे घेते. उद्या ऑफिसरसमोर तुम्ही यायचं नाही. आज आप्पाजींच्या घरी राहा, उद्या माझ्या ओळखीच्या माणसाबरोबर तुम्हाला गावी पाठवते. तुमच्या जिवाशी खेळ नको आता.

रत्नाकर : हे शहाणपणाचं बोललीस.

आप्पाजी : सरी, चालेल. माझ्या घरी तिला शोधत कुणी यायचं नाही.

गोजराबाई : बाई, एक इचारू का?

वसुमती : विचारा ना.

गोजराबाई : दगडांचं लिवताना मला इचारलं व्हतं?

वसुमती : नाही.

गोजराबाई : मंग आता खोडताना तरी इचारा.